गच्चीवरून उतरलेलं लुगडं

कुणाच्या गच्चीवर पापड वाळत घातलेले दिसले, की माझी नजर आधी कठड्याकडे जाते आणि शांती नगरमधली ती केस जशीच्या तशी डोळ्यांपुढे उभी राहते. निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली. नोकरीत दरोडे आले, खून आले, त्यातले पुष्कळसे तपशील मी विसरलोही. ही केस मात्र विसरलो नाही. वर्तमानपत्रात तिच्यावर दोन ओळीही आल्या नव्हत्या. इथे मी कुणाचंही नाव देणार नाही. त्यातली काही माणसं अजून त्याच भागात राहतात आणि त्यांनी सुखानं राहावं असं मला वाटतं.

दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षं. मीरा-भाईंदर तेव्हा ग्रामीण पोलिसांच्या हद्दीत होतं. नाव ग्रामीण, पण दर महिन्याला कुठे ना कुठे नवी इमारत उभी राहायची आणि त्याबरोबर पाण्याची, पार्किंगची, भिंतीची भांडणं आमच्या दारात यायची. मी सहायक पोलीस निरीक्षक होतो. मे महिन्यातली दुपार होती. डबा खाऊन मी हात धूत होतो तोच ठाणे अंमलदारानं हाक मारली.

"साहेब, शांती नगरमधून फोन. गच्चीवरून दगड पडला, माणसाच्या डोक्यात. जिवंत आहे म्हणतात."

स्टेशन डायरीत नोंद करायला सांगून मी जीप काढली. बरोबर हवालदार होते. ते मूळचे जवळच्याच मुर्धा गावचे, घराणं मासेमारीचं. माझ्याहून वयानं मोठे होते आणि जिभेवर कुणाचाही दाब नव्हता.

इमारत चार मजली. आम्ही पोचेपर्यंत जखमीला रिक्षात घालून इस्पितळात नेलं होतं. तो सोसायटीचा सेक्रेटरी, साठीचा माणूस. दुपारी इमारतीची सावली एका बाजूला पडते, तिथे भिंतीला लागून खुर्ची टाकून तो रोज बसायचा. खुर्ची आडवी पडली होती. शेजारी रक्त होतं आणि त्यातच एक जुनं नऊवारी लुगडं पडलं होतं. लुगड्याच्या चारही टोकांना मुठीएवढा एकेक दगड गाठ मारून बांधलेला. त्यातल्या एका गाठीवर रक्त होतं.

पंच बोलावले, पंचनामा सुरू केला. गर्दीतून एक माणूस आपणहून पुढे आला. फाटकाजवळच्या कोपऱ्यात पत्र्याच्या शेडखाली त्याचं स्कूटर दुरुस्तीचं गॅरेज होतं.

"साहेब, मी बघितलं ना. डोळ्यांनी बघितलं," तो म्हणाला. "मी कार्बोरेटर साफ करत होतो, सहज वर बघितलं. पुढे दगड, मागे साडी, सरळ खाली. डायरेक सेक्रेटरी साहेबांच्या डोक्यात. ओरडायला पण टाइम नाही भेटला."

"काही आवाज?"

"काहीच नाही. एकदम आली. गोळीसारखी."

"तुम्ही लुगड्याला हात लावलात?"

"छे! पोलीस येईपर्यंत कशाला हात लावायचा नाही, एवढं समजतं मला."

हे सगळं त्याच्या जबाबात लिहून घेतलं. लुगडं कुणाचं हे विचारायची गरजच पडली नाही. चार जणांनी एकदमच वर बोट दाखवलं.

बाईमाणसाला चौकशीसाठी पोलीस ठाण्यात बोलवायचं नसतं, तिच्या घरी जाऊन जबाब घ्यायचा असतो. मी चौथ्या मजल्यावर गेलो. दार उघडंच होतं. काकू जमिनीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. रत्नागिरीकडच्या, साठी उलटलेल्या, मुलगा-सुनेबरोबर राहणाऱ्या. मला बघताच त्यांनी पदर सावरला आणि दोन्ही हात पुढे केले, जणू मी बेड्या घालायलाच आलो होतो.

"माझ्याच हातून झालं, साहेब. न्या मला."

"काकू, आधी काय झालं ते सांगा."

"काय सांगायचं? पापड वाळले, काढून डब्यात भरले. लुगडं तिथंच ठेवलं. गावाला खळ्यात घालायचं, कडेला चार धोंडे ठेवले की काम झालं. इथं मेला वारा खालून शिरतो. म्हणून मी टोकांना धोंडे बांधते. लोक हसतात मला. पण एक पापड कधी उडाला नाही. आणि आज…" मग त्यांनी विचारलं, "ते शुद्धीवर आले का हो?"

शुद्धीवर आले नव्हते. निष्काळजीपणानं गंभीर दुखापत, असा गुन्हा दाखल झाला. सेक्रेटरी दगावला असता तर कलम बदललं असतं. काकूंच्या मुलानं धावपळ करून जामीन घेतला. तो केबिन रोडवरच्या एका ऑफिसात कारकून होता. मला बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, आईनं अन्न सोडलंय. म्हणते, तो माणूस तिकडे बेशुद्ध आणि मी कशी जेवू? पाण्याच्या घोटावर आहे. तुम्ही तरी समजवा."

पोलिसासमोर दिलेली कबुली कोर्टात चालत नाही, हे वाचकांना माहीत असेल. पण ही बाई कोर्टातही तेच सांगणार होती, अगदी हेच शब्द. आणि तिची एकंदर अवस्था बघता ती कोर्टापर्यंत पोचेल की नाही याचीच मला काळजी वाटत होती.

आमच्या वरिष्ठांना मात्र केस स्वच्छ दिसत होती. मी दोन-तीन शंका घेऊन त्यांच्या केबिनमध्ये गेलो तर ते म्हणाले, "बाई कबूल आहे. साक्षीदार आहे. मुद्देमाल आहे. आता तुला काय आकाशवाणी पाहिजे? चार्जशीट कर आणि मोकळा हो. तिकडे चोऱ्यांचे गुन्हे पडलेत."

त्यांचं चुकत नव्हतं. कामाचा बोजा खरोखरच होता. पण माझी पहिली शंका डॉक्टरांनी घातलेली होती. जखम डाव्या कानाच्या वर होती, बाजूनं. खुर्चीत बसलेल्या माणसावर वरून दगड आला तर तो टाळूला लागेल, फार तर कपाळाला किंवा खांद्याला. डॉक्टर म्हणाले, "त्यानं मान कलती केली असेल, मी नाही कसं म्हणू? पण मला विचाराल तर मार आडवा आहे."

दुसरी शंका हवालदारांच्या नाकानं काढली. रक्ताचा ओला कपडा तसाच सील करत नाहीत, तो सडतो आणि तपासणीला उपयोगी राहत नाही. आधी सावलीत वाळवायचा असतो. म्हणून ते लुगडं आम्ही ठाण्याच्या मागच्या पडवीत दोरीवर पसरलं होतं. हवालदार राखणीला बसले होते. थोड्या वेळानं आत आले.

"साहेब, जरा बाहेर या. ह्या लुगड्याला वास मारतंय."

"रक्ताचा असेल."

"रगताचा मला कलतं. पापडाच्या तेलाचा पन कलतं. ह्यो खायच्या तेलाचा न्हाय. गारीच्या इंजिनातला हाय."

मी जाऊन बघितलं. लुगडं पूर्ण उघडं पसरलेलं होतं म्हणून दिसलं. मधल्या भागात एक मोठा काळा डाग होता आणि त्याची कड गोल होती, घमेल्याच्या कडेसारखी. घडी केलेल्या किंवा बोळा झालेल्या कपड्यावर तेल सांडलं तर ते थरांतून झिरपतं, आणि कपडा उलगडल्यावर तसलेच डाग चार-पाच ठिकाणी दिसतात. इथे डाग एकच होता. म्हणजे तेल लागलं तेव्हा लुगडं उघडं होतं. पंचनाम्यात आम्ही 'काळपट डाग' एवढंच लिहिलं होतं. आणि जिथे सेक्रेटरी पडला तिथे तेलाचा थेंबही नव्हता.

त्या पडवीत उभं असताना मला आमचे विज्ञानाचे सर आठवले.

माझे वडील गावातल्या दवाखान्यात शिपाई होते. आमच्या घरात माझ्या आधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. मी चढलो ते या सरांमुळे. शाळेला प्रयोगशाळा नव्हती, एक कपाट होतं आणि त्याची किल्ली हरवलेली. सर एकदा वहीचे दोन कागद घेऊन टेबलावर उभे राहिले. एक कागद तसाच, दुसऱ्याचा बोळा. दोन्ही एकदम सोडले. बोळा टपकन खाली आला, कागद तरंगत तरंगत मुलींच्या बाकावर गेला. सरांनी विचारलं, "कुठला जड?" आम्ही सगळे ओरडलो, "बोळा!" सर म्हणाले, "एकाच वहीचे कागद, रे. वजन तेच. पृथ्वी दोघांनाही सारखंच ओढते. पण पसरलेल्याला हवा खालून अडवून धरते. बोळ्याला अडवायला तिला जागाच सापडत नाही."

प्रश्न तोच होता. लुगडं बोळा होऊन खाली आलं की पसरून?

हे फक्त काकूच सांगू शकत होत्या. मी पुन्हा त्यांच्याकडे गेलो. त्या आणखी खंगल्या होत्या. मी विचारलं, "काकू, पापड काढल्यावर लुगड्याची घडी करून ठेवली होती का?"

तशा अवस्थेतही त्यांना माझा राग आला.

"घडी? पेज लागलेल्या लुगड्याची घडी कोण घालतो? तुमच्याकडे वाळवणं करतात की नाही? चिकटून कडक होतं ते. झटकावं लागतं आधी. मी कठड्यावर पसरून टाकलं होतं, अर्धं आत, अर्धं बाहेर. खाली भाजी करपायला लागली म्हणून सुनेनं हाक मारली. गेले, ती गेलेच."

"दगड तसेच बांधलेले?"

"तेच तर म्हणते मी! धोंडे सोडून जायला हवं होतं. माझंच चुकलं."

मी त्यांना काही आश्वासन दिलं नाही. अर्धवट खात्रीवर कुणाला आशा लावू नये असा माझा नेम होता. खाली आलो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, त्याच वेळेला, त्याच गच्चीवर प्रत्यक्ष करून बघायचं ठरवलं.

मूळ लुगडं मुद्देमालात सील झालेलं. तसलं दुसरं आणायचं काम हवालदारांनी अंगावर घेतलं. सकाळी पिशवी माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, "आयशीचं हाय. ती बोलली, फाटलं तं तुला घरात घेनार न्हाय. तवा साहेब, माज्या संसाराचा इचार करून काय ते टाका."

त्या दुपारी खालचं अंगण रिकामं करून दोरी बांधली. पंच उभे केले. भिंतीजवळ, सेक्रेटरी बसायचा तिथेच, खुर्ची ठेवून तिच्यावर वाळूनं भरलेली गोणी बसवली. साक्षीदार म्हणून गॅरेजवाल्यालाही खाली उभं केलं. बाल्कन्या तमासगिरांनी भरल्या. मी आणि हवालदार गच्चीवर. वारा नेहमीप्रमाणे इमारतीच्या पाठीमागून, खाडीच्या बाजूनं, चांगला जोरात येत होता.

पहिल्यांदा मी एक अख्खी वीट आणि मुठीएवढा दगड एकदम सोडले. हवालदारांची खात्री होती की वीट आधी पोचणार. खाली एकच दणका ऐकू आला. हवालदारांनी माझ्याकडे संशयानं बघितलं. "परत टाका," म्हणाले. परत टाकले. परत एकच दणका.

"वीट तं केवढी जड हाय!"

"असू दे. ओढ दोघांनाही तीच. आणि इतक्या भरीव वस्तूला वारा फारसा अडवू शकत नाही."

मग लुगड्याच्या टोकांना तसलेच दगड बांधले, सगळ्याचा बोळा केला आणि कठड्याबाहेर सोडला. सरळ खाली गेला. गोणीच्या शेजारी धप्पकन आपटला. खालून गॅरेजवाला ओरडला, "बघा! मी काय सांगत होतो?"

बाल्कनीतले लोक टाळ्या वाजवायला लागले. हवालदारांचा चेहरा पडला. ते हळूच म्हणाले, "साहेब, आपलीच केस आपन बंद केली."

"वर आणा ते," मी म्हणालो.

तिसऱ्यांदा लुगडं काकूंनी सांगितल्याप्रमाणे पसरून कठड्यावर टाकलं. अर्धं आत, अर्धं बाहेर, चारी दगड बांधलेले. आम्ही दोघं हात मागे घेऊन लांब उभे राहिलो. बराच वेळ काही झालं नाही. वारा आला की आतला भाग फुगायचा, पुन्हा बसायचा. खालून कुणीतरी ओरडलं, "पोलिसांनी पण वाळवण घातलं काय?" मग एक मोठा झोत आला. आतला भाग वर उचलला गेला, दगड कठड्यावरून खरडत गेले आणि लुगडं बाहेर पडलं.

पडलं असं मी लिहितो खरं, पण ते पडणं नव्हतं. दगडांनी टोकं खाली ओढली, मधलं कापड फुगून वर राहिलं आणि त्याच्या पोटात वारा भरला. हवालदार कठड्यावर ओणवे होत ओरडले, "आरं, ह्ये तं शीड झालं!" होडीचं शीड जन्मभर बघितलेल्या माणसाचा तो शब्द. फडफड, फडफड असा आवाज सबंध अंगणात घुमत होता. लुगडं भिंत सोडून लांब लांब सरकत गेलं, खुर्ची मागेच राहिली, आणि डुलत डुलत जाऊन ते फाटकाजवळच्या कोपऱ्यात उतरलं. गॅरेजच्या शेडसमोर उघड्या पडलेल्या एका स्कूटरवर.

मग दुसऱ्या मजल्यावरची एक बाई कठड्यावरून वाकून म्हणाली, "अहो, हाच आवाज! त्या दिवशी हाच आवाज आला होता मला. वाटलं, कबुतरं उडाली."

मी वरूनच विचारलं, "ताई, मग त्यानंतर?"

"त्यानंतर थोड्या वेळानं खाली कुणीतरी चढ्या आवाजात बोलत होतं. मी स्वयंपाकघरात होते."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुमच्या माणसानं विचारलं, तुम्ही काय बघितलं? मी तर काहीच बघितलं नव्हतं."

तेव्हापासून मी प्रत्येक साक्षीदाराला काय बघितलं हे विचारल्यावर काय ऐकलं हेही विचारत आलो.

प्रयोग एकदाच करून मी थांबलो नाही. वारा काही कुणाच्या हुकमात नसतो. पुन्हा पुन्हा टाकून बघितलं. एकदा लुगडं कंपाउंडच्या भिंतीवर गेलं, एकदा झाडात अडकलं आणि हवालदारांना आईची आठवण झाली. पण दर वेळी ते गेलं त्याच बाजूला. भिंतीजवळच्या खुर्चीवर एकदाही आलं नाही. पंचांच्या सह्या घेतल्या. गॅरेजवाला एव्हाना गप्प झाला होता. मी खाली येऊन त्याला म्हणालो, "चला, चहा घेऊ ठाण्यात."

मी चौकशीत आवाज चढवत नसे. माणसाला पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगू द्यायचं, मध्ये बोलायचं नाही. खोटं सांगणारा माणूस सुरुवात आणि शेवट घोटून आलेला असतो. मधल्या गोष्टी त्याच्याकडे नसतात, कारण मधे तो हजर नव्हता.

"साडी आली तेव्हा आवाज आला होता?" मी विचारलं.

"आला असेल, साहेब. लक्षात नाही."

"पहिल्या जबाबात काहीच आवाज नाही म्हणालात."

"तेव्हा घाबरलो होतो."

"तिच्यावर इंजिन ऑइल कुठून आलं?"

"लोकांनी उचलापाचल केली ना. माझेही हात लागले असतील. माझे हात तर असेच असतात." त्यानं दोन्ही पंजे टेबलावर ठेवले. नखांत काळं होतं.

"हाताचा ठसा बोटांचा उमटतो. हा गोल आहे, एवढा." मी दोन्ही हातांनी माप दाखवलं. "तुमच्या शेडमध्ये जुनं ऑइल काढायचं घमेलं आहे. हवालदार आत्ता पंचांसमोर ते आणायला गेलेत. आणि हात लावला नाही, असं तुम्हीच लिहून दिलंय."

चहावर साय धरली. मग मी त्याला काकूंबद्दल सांगितलं. त्यांनी अन्न सोडल्याचं, पोलिसांपुढे हात पुढे केल्याचं.

"तुम्हाला माहीत आहेत त्या?"

"माहीत नाही कसं?" तो खाली बघत म्हणाला. "काकी. दरवर्षी पापड देतात. पहिली पिशवी मला."

"मग ही शिक्षा त्यांनी भोगायची?"

त्यानं तोंड दोन्ही हातांत घेतलं. जे बाहेर आलं ते असं. लुगडं उतरलं ते थेट त्याच्या ऑइलच्या घमेल्यावर. घमेलं कलंडलं, गिऱ्हाइकाच्या स्कूटरची सीट खराब झाली. रागारागानं ते लुगडं उचलून तो सेक्रेटरीकडे गेला, कोण वरून घाण टाकतंय म्हणून जाब विचारायला. त्यांचं आधीपासून वाकडं होतं. सोसायटीला त्याचं गॅरेज आवारातून हलवायचं होतं आणि सेक्रेटरी रोज येता-जाता ऐकवायचा.

"मी म्हणालो, बघा तुमच्या लोकांची कामं. तर खुर्चीतूनच म्हणतात, घाण तर तूच आहेस. आधी तू निघ, मग साडी. मला बघायला पण तयार नाही, साहेब. तोंड दुसरीकडे. माझ्या हातात साडी होती. हात फिरला."

"टोकाला दगड बांधलाय हे माहीत होतं?"

हा प्रश्न महत्त्वाचा होता आणि हे त्यालाही कळलं. शेवटी तो म्हणाला, "उचलताना नडगीवर आपटला होता."

लुगड्याच्या टोकाला बांधलेला दगड फिरवला की तो गोफणीसारखा बसतो. डॉक्टर म्हणाले तसाच, आडवा. घातक वस्तूनं जाणूनबुजून गंभीर दुखापत, असं कलम लावून त्याला अटक केली. गोल डाग आणि घमेल्याची कड जुळली. ऑइलच्या डागावर रक्त वरून पडलं होतं, म्हणजे ऑइल आधीचं, हे पुढे तपासणीतही आलं. वरिष्ठांनी कागद वाचून मान हलवली आणि विचारलं, "तुझे ते सर अजून आहेत का रे? त्यांना ठाण्यात भरती करून घेऊ."

त्याच संध्याकाळी मी चौथ्या मजल्यावर गेलो. हे काम हवालदारावर सोपवायचं नव्हतं. काकू तशाच भिंतीला टेकून होत्या. मी समोर जमिनीवर बसलो आणि सगळं सांगितलं. त्यांना पहिल्यांदा पटेचना.

"म्हणजे तो धोंडा माझा नव्हता?"

"धोंडा तुमचाच होता, काकू. लुगडंही तुमचंच. पण वाऱ्यानं ते पसरून धरलं होतं, हळू उतरवलं होतं. पुढचं माणसाच्या हातानं झालं."

"कुणाला लागलं नव्हतं ते? खाली उतरताना?"

"कुणालाही नाही."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. खरं सांगतोय की म्हातारीला समजावतोय, हे जोखत होत्या. मग आत बघून सुनेला हाक मारली, "अगं, भात आहे का गं थोडा? पातळ करून आण." आणि मला म्हणाल्या, "तो मेला असा नव्हता हो. फार वेळ उन्हात काम करायचा." मुलगा दारात पाठ करून उभा होता, डोळे पुसत.

सेक्रेटरी काही दिवसांनी शुद्धीवर आला. त्या दुपारचं त्याला काहीही आठवलं नाही, शेवटपर्यंत. एका कानानं कमी ऐकू यायला लागलं. कोर्टात गॅरेजवाल्याला शिक्षा झाली.

या केसनं मला काय शिकवलं ते थोडक्यात सांगतो. कबुली म्हणजे तपासाचा शेवट, असं मी त्यानंतर कधी धरलं नाही. चांगला माणूस दोष स्वतःवर ओढून घेतो, आणि अशी कबुली खोट्या साक्षीइतकीच सावधपणे तपासावी लागते. दुसरं असं की वस्तू कुठे सापडली एवढ्यानं भागत नाही, ती तिथवर कशी आली हे तिलाच विचारावं. तिला बोलता येत नाही, पण ती कुणाला घाबरतही नाही. पुढच्या सुट्टीत मी गावी जाऊन सरांना ही हकिकत सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि लगेच विचारलं, "लुगडं किती वारी होतं?" मी खुर्चीतून उठून उभा राहूनच उत्तर दिलं.

दुसऱ्या वर्षी मे महिन्यात एका वेगळ्या तक्रारीसाठी शेजारच्या इमारतीत जाणं झालं. जिन्यातल्या खिडकीतून ती गच्ची दिसत होती. मधोमध, कठड्यापासून लांब, एक लुगडं पसरलेलं होतं. त्याच्यावर पापडांच्या ओळी. टोकांना गाठी नव्हत्या, कडेनं विटा ठेवल्या होत्या. आणि त्याच्या शेजारी, छत्रीच्या सावलीत खुर्ची टाकून, हातात काठी घेऊन सेक्रेटरी बसला होता. कावळे हाकत होता. काकू वर आल्या, त्याच्या चांगल्या कानाशी वाकून काहीतरी बोलल्या आणि एक ओला पापड त्याच्या हातावर ठेवला.